जीएनएमनंतर पदवी: नागपुरात राहून नियमित पोस्ट बेसिक करावं की इग्नू?

जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी, म्हणजे नर्सिंगची पदविका) करून आठ-दहा वर्षं वॉर्डात काढलेल्या सिस्टर-ब्रदरना नर्सिंगची पदवी घ्यायची तर दोनच रस्ते धरण्यासारखे आहेत. एक, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न कॉलेजातलं २ वर्षांचं नियमित पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएम झालेल्यांसाठीची नर्सिंगची पदवी. दुसरा, तीच पदवी इग्नूतून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ), किमान ३ वर्षांत. ‘घरबसल्या बीएस्सी नर्सिंग’ म्हणून फोनवर जे खपवलं जातं, त्याची नोंदणी नर्सिंग कौन्सिलमध्ये होणार नाही. पैसे भरण्याआधी एवढं पक्कं समजून घ्या.

त्याही आधी पद ठरवा. मिहानमधल्या एम्सची नर्सिंग ऑफिसर भरती नॉरसेटमधून (एम्सच्या सामाईक भरती परीक्षेतून) होते आणि त्या परीक्षेला जीएनएमसोबत किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव चालतो. वयोमर्यादा मात्र ३० (प्रवर्गानुसार सवलत वेगळी). २८ व्या वर्षी नोकरी सोडून ‘एम्ससाठी’ पोस्ट बेसिक घेणं म्हणजे हातातली दोन वर्षं घालवणं. त्यापेक्षा परीक्षेचा अभ्यास करा. ट्यूटर व्हायचं असेल, पुढे एमएस्सी करायची असेल किंवा पदोन्नतीसाठी पदवी लागत असेल, तर मात्र ही पदवी हवीच.

नियमित कोर्सची खरी अडचण अभ्यास नाही, हजेरी आहे. प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींना ८० टक्के हजेरी लागते, गैरहजेरीचं कारण काहीही असो. शिवाय पदवी मिळण्याआधी प्रॅक्टिकलचे तास १०० टक्के भरावे लागतात. ६० तासांचा विषय धरला तर १२ तास बुडवता येतात, बस्स. आता नाईटचं गणित मांडा. सकाळी ८ ला नाईट सुटते, ओव्हर (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती) देऊन, औषधांचा हिशेब करून बाहेर पडायला साडेआठ. कॉलेज हिंगण्याकडे किंवा कामठी रोडला असेल तर ९ चं लेक्चर गेलंच. त्यात कम्युनिटी पोस्टिंगची (गावातल्या प्रॅक्टिकलची) बस सकाळीच गावाकडे निघते. म्हणून ‘ड्यूटी सांभाळून करू’ हा बेत बहुतेकांचा पहिल्या वर्षीच मोडतो.

‘हजेरीचं आम्ही पाहू’ असं सांगणारे भेटतात. यातला धोका परीक्षेपुरता नसतो. त्याच दोन वर्षांचं पूर्णवेळ नोकरीचं अनुभव प्रमाणपत्र आणि नियमित पदवी एकत्र फाइलला लागली, की सरकारी भरतीच्या कागदपत्र पडताळणीत तारखा एकमेकांवर चढतात. मग अनुभव तरी जातो, नाहीतर निवड.

म्हणजे नियमित कोर्स धरायचा तर पगार सोडायची तयारी हवी. समजा हातात २२,००० येतात, तर २४ महिन्यांचे ५,२८,००० झाले; फी, पुस्तकं, गणवेश आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळा. सरकारी सेवेत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची सोय आहे. अर्ज योग्य मार्गानेच करा आणि बंधपत्रातली सेवेची अट नीट वाचून मगच सही करा.

इग्नूचा सगळा फायदा इथे आहे: पगार चालू राहतो. बारावीनंतर जीएनएम केलं असेल तर नोंदणीकृत नर्स म्हणून २ वर्षांचा अनुभव लागतो. प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि सत्र जानेवारीचं असतं. पण याला ‘घरी बसून’ समजू नका. प्रॅक्टिकलचा काही भाग स्वतःच्या कामाच्या ठिकाणी करता येतो, उरलेल्यासाठी अभ्यासकेंद्रावर हजर राहावंच लागतं. फॉर्म भरण्याआधी अमरावती रोडच्या प्रादेशिक केंद्रात जाऊन विचारा: नर्सिंगचं अभ्यासकेंद्र कुठलं मिळेल, प्रॅक्टिकल सलग किती दिवस? त्या तारखा मेट्रनला दाखवा. ऑफ आणि अर्जित रजा जोडून त्या निघत असतील, तरच पुढे जा. इग्नूत अडकलेले बहुतेक इथेच अडकतात: असाइनमेंट राहतात, एक प्रॅक्टिकल चुकतं आणि ३ ची ५ वर्षं होतात.

चाळिशीच्या आसपास असाल, घर तुमच्या पगारावर चालत असेल, तर आमचं मत इग्नूला. तिशीच्या आत असाल आणि शिकवण्याकडे ओढा असेल, तर नियमितच घ्या.

शिकवण्याचा विचार असलेल्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा: ५५. पोस्ट बेसिकमध्ये ५० टक्क्यांना पास होता येतं, पण एमएस्सीच्या प्रवेशाला एकूण ५५ टक्के लागतात (राखीव प्रवर्गांची सवलत माहितीपुस्तिकेत पाहा). गुण जातात ते पहिल्या वर्षीच्या बायोकेमिस्ट्री-बायोफिजिक्स आणि मायक्रोबायोलॉजीत. वॉर्डातला अनुभव तिथे कामी येत नाही. मेडिकल-सर्जिकलमध्ये मात्र तोच तारून नेतो. एमएस्सीनंतरही वॉर्डातली वर्षं शिकवण्याच्या अनुभवात धरत नाहीत. प्राचार्यपदासाठी १५ वर्षांच्या अनुभवात १२ वर्षं अध्यापनाची लागतात. पंचेचाळिशीत सुरुवात करणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा.

आयसीयू सोडायचंच नसेल तर एमएस्सीऐवजी क्रिटिकल केअरचा २ वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स पाहा. तो रेसिडेन्सी पद्धतीचा आहे, त्यामुळे बहुतेक वेळ रुग्णाजवळच जातो. प्रवेशाआधी विचारा, मागच्या बॅचपैकी किती जणांना ‘नर्स प्रॅक्टिशनर’ याच पदनामाचं नियुक्तिपत्र मिळालं. पदवी नको, फक्त कौशल्य हवं, तर १ वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा पुरतो. मात्र त्याने बीएस्सीची पात्रता मिळत नाही.

कुठलाही रस्ता धरलात तरी कागद आज काढून बघा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण झालंय का? नोंदणी माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या, असं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र जोडावं लागेल. जात वैधता नसेल तर सीईटीची जाहिरात येईपर्यंत थांबू नका. प्रवेश फेरीच्या वेळी जागा समोर असते आणि कागद समितीकडे अडकलेला असतो.