लोकर गेलेल्या कोकराचा नाच

चिडवल्या जाणाऱ्या मुलांना आपण ज्या गोष्टी सांगतो, त्यांपैकी बहुतेकींच्या शेवटी भरपाई ठरलेली असते. कुरूप पिल्लू राजहंस निघते आणि हसणाऱ्यांची तोंडे बंद होतात. पिक्सार या अमेरिकी स्टुडिओचा ‘बाउंडिन’ (२००३) हा जेमतेम पाच मिनिटांचा ॲनिमेशनपट अशी भरपाई देत नाही, आणि म्हणूनच तो मला अधिक प्रामाणिक वाटतो.

उंच माळरानावर एक कोकरू आपल्या पांढऱ्याशुभ्र लोकरीच्या तोऱ्यात नाचत असते आणि आसपासचे प्राणीही त्याच्याबरोबर ठेका धरतात. एके दिवशी माणसे त्याला उचलून नेतात, लोकर कातरतात आणि उघड्याबोडक्या गुलाबी अंगाने परत आणून टाकतात. कालपर्यंत ज्यांनी ठेका धरला तेच आज त्याला हसतात. चेष्टा परक्यांकडून न होता सोबत्यांकडून होते, हे दिग्दर्शकाने नेमके हेरले आहे. खचलेल्या कोकराला भेटतो तो जॅकलोप, म्हणजे अमेरिकी लोककथांमधला शिंगे असलेला ससा. आपल्याकडे अशक्य गोष्टीचे उदाहरण म्हणून ‘शशशृंग’ सांगतात. इथे ते शशशृंगच कोकराला, गुलाबी रंगात वाईट ते काय, असे विचारते आणि पाय आपटून उंच उडी मारायला शिकवते. पुढे लोकर वाढते, पण दरवर्षी मे महिन्यात ती पुन्हा कातरली जाते. बदलतो तो फक्त कोकराचा त्याविषयीचा धसका.

लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि निवेदन हे सारे बड लकी यांचे आहे. ‘टॉय स्टोरी’ या ॲनिमेशनपटातील वूडी या काउबॉय बाहुल्याचे रूप घडवणारे हे चित्रकार मूळचे मोंटाना राज्यातले, आणि त्या भागातील गावरान सूर त्यांच्या यमकबद्ध निवेदनात सहज उतरला आहे. या लघुपटाला ऑस्करचे नामांकनही मिळाले होते.

एक गोष्ट मात्र खटकते. हसणाऱ्या प्राण्यांना कोणीही जाब विचारत नाही. सावरण्याचा सगळा भार एकट्या कोकरावर येतो आणि ते नाचू लागताच मंडळी काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा त्याच्याभोवती जमतात. मुलांसोबत हा लघुपट पाहताना नेमक्या याच जागी थांबून, त्या प्राण्यांनी काय करायला हवे होते, असे त्यांना विचारावे. इंग्रजी यमकांची गंमत मराठीतून शिकणाऱ्या लहानग्यांपर्यंत पोहोचणार नाही. पण ती उडी समजावून सांगावी लागत नाही.