हाताने घडवलेले सहा स्टोनवेअर कप: आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

एकाच कुंभाराने चाकावर काढलेला सहा स्टोनवेअर (जास्त तापमानाला घट्ट भाजलेली माती) कपांचा संच. बाहेरून राखाडी-हिरवट मॅट ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप), आतून पांढरं चकचकीत, बुडाशी बोटभर माती उघडी. वापर सहा जणांचा, दिवसातून तीन-चार वेळा. वजनकाट्यावर सगळ्यात हलका कप ३०५ ग्रॅम भरला, सगळ्यात जड ३५२. काठोकाठ पाणी कुणात २५५ मिली मावतं, कुणात २८५. संच म्हणून घेतलेल्या मालात हा फरक खोट वाटू शकतो. तसं वाटून कप परत करू नयेत, कारण या संचाची खरी किंमत त्या फरकातच आहे.

फरक येतो कुठून? माती मोजूनच घेतलेली असते, पण भिंत कुठे किती ओढली गेली आणि बूड तासताना किती माती निघाली हे प्रत्येक कपाचं वेगळं असतं. त्यात वाळताना आणि भाजताना माती १० ते १२ टक्के आक्रसते. चाकावर १० सेंटिमीटर उंच असलेला कप भट्टीतून पावणेनऊ-नऊचा होऊन बाहेर येतो. कान तर शेवटी हाताने ओढून लावलेला. एकात तीन बोटं ऐसपैस जातात, दुसऱ्यात जेमतेम दोन.

म्हणूनच कुणी वाटण्या न करता पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकाचा कप ठरून गेला. रुंद कानाचा कप मोठ्या हाताकडे गेला, पातळ काठाचा गरमागरम चहा घोट-घोट पिणाऱ्याकडे. चहा ओतणाऱ्याला आता न सांगता कळतं की लहान पोटाचा कप कुणाचा आणि त्यात कमी ओतायचं. एखादा माणूस आठवडाभर आला नाही तर त्याचा कप फळीवर तसाच राहतो, त्याला कुणी हात लावत नाही. साच्यातून निघालेल्या एकसारख्या कपांवर नावाच्या चिठ्ठ्या लावूनही हे होत नाही, कारण तिथे निवडायला काही नसतंच.

एक गोष्ट फक्त कप विसळताना लक्षात येते. बुडाच्या जरा वर, ग्लेझच्या कडेला तीन कोऱ्या ठिपक्यांसारख्या जागा आहेत. कप ग्लेझमध्ये बुडवताना कुंभाराची बोटं तिथे होती. उलटा धरून धुताना आपली बोटं नेमकी त्याच जागी बसतात. नव्या माणसाला कप दाखवताना सगळे आधी तो उलटा करून हेच दाखवतात.

आता त्रासाचं. उघड्या बुडाची कड खरखरीत होती आणि तिने टेबलावर ओरखडे पाडले. ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून कड पाच मिनिटं गोल घासली की काम होतं. कोरडं घासू नका, ती धूळ फुप्फुसाला वाईट. आतल्या पांढऱ्या भागावर चमच्याच्या करड्या रेघा उठल्या. ते ओरखडे नसतात, ग्लेझच्या बारीक खडबडीत पृष्ठभागावर चमच्याचा धातू घासला जाऊन बसलेला असतो. खाण्याच्या सोड्याच्या दाट लेपाने बहुतेक रेघा निघाल्या.

तिसऱ्या महिन्यात एका कपाच्या आत केसासारख्या बारीक चिरांचं जाळं दिसू लागलं आणि त्यात चहाचा रंग बसला. थंड होताना ग्लेझ आतल्या मातीपेक्षा जास्त आक्रसू पाहतं, म्हणजे ताणाखाली राहतं, आणि कधी ना कधी फाटतं. अशा वेळी माती किती पाणी पिते ते पाहावं: कप पूर्ण सुकवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. ३५० ग्रॅमच्या कपाचं वजन १० ग्रॅमने वाढलं तर शोषण जवळजवळ ३ टक्के झालं. स्टोनवेअरसाठी हे जास्तच. असा कप मायक्रोवेव्हमध्ये हाताला चटका देईल इतका तापतो, कारण मुरलेलं पाणी तापतं.

सहाव्या महिन्यात एकाचा कान वरच्या सांध्यातून सुटला. त्याआधी काही दिवस तो कप टिचकीला बद्द वाजत होता, बाकीचे खणखणीत. असा आवाज आला की त्यात उकळतं काही ओतू नये. सुटलेल्या जागेचा फोटो कुंभाराला पाठवला. तुटलेला भाग गुळगुळीत दिसत होता, म्हणजे चिकटवण्याआधी माती पुरेशी खरवडलेली नव्हती. हे त्याने स्वतःच ओळखलं, बदली कप दिला आणि पुढच्या खेपेला सांधा बदलला. आता त्याच्याकडून दर भट्टीनंतर विचारणा येते. वापरणारा आणि घडवणारा यांच्यात असं बोलणं सुरू होणं मला या संचाचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

कान इपॉक्सीने चिकटवून गरम पेयासाठी वापरू नका, गरमीने सांधा मऊ पडतो. काठाचा टवका जपानी उरुशी लाखेने भरता येतो, पण ती सुकायला उबदार, दमट हवा आणि कित्येक आठवडे लागतात. ओली लाख त्वचेला लागली तर जोरात खाज उठते, हातमोजे हवेतच. दुरुस्त कप पुन्हा मायक्रोवेव्हमध्ये जाणार नाही.

भेट म्हणून घेत असाल तर कुंभाराला विचारा: किती तापमानाला भाजलंय (स्टोनवेअरला साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअस), आतल्या ग्लेझची शिसं-कॅडमियमची चाचणी झाली आहे का. घरी व्हिनेगर रात्रभर ठेवून रंग बदलला तर तो कप खाण्यापिण्यातून बाद. रंग टिकला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये, शिसं प्रयोगशाळेतच कळतं. आणि शक्य असेल तर घेणाऱ्याला स्वतः उचलून निवडू द्या. १९९० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जॉन हार्टम या कलाशिक्षकाने विद्यार्थ्यांनी घडवलेल्या वाडग्यांत भुकेल्यांच्या मदतीसाठी सूप वाढलं, आणि वाडगा पाहुण्यांनी घरी न्यायचा असं ठेवलं. जेवण संपलं तरी वाडगा हातात उरतो. त्यातूनच एम्प्टी बोल्स (रिकामे वाडगे) हा उपक्रम उभा राहिला.

माणसं सहा असतील तर कप सात घ्या, एकाच भट्टीतले. सातवा पाहुण्याचा. बदली आलेला कप इथे तीन मिलिमीटर बुटका आहे आणि रंगाने तपकिरीकडे झुकतो, कारण दुसऱ्या भट्टीचा. ज्याच्या कपाचा कान सुटला होता त्याने तोच घेतला.