जुन्या महिंद्रा सीजे ३बी जीपला मागे मारुती जिप्सीची डिस्क : एक पावसाळा वापरल्यानंतर

गाडी कमी अंतरात थांबेल म्हणून कोणी मागे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक घालणार असेल, तर त्याने ते पैसे पुढच्या चाकांवर घालावेत. ब्रेक मारला की वजन पुढे जातं आणि मागचं टोक हलकं होतं. रिकाम्या जीपचं तर फारच. कोरड्या रस्त्यावर नीट सेट केलेले ९ इंची ड्रम (ज्यांत आतून लायनर, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, दाबल्या जातात) आणि डिस्क यांत पायाला फारसा फरक लागत नाही. फरक कळतो तो जांबोटी-कणकुंबीच्या पावसात. ओढ्यातून जीप काढली की ड्रममध्ये पाणी राहतं, पहिले दोन-तीन ब्रेक वाया जातात, आणि एका बाजूचे लायनर आधी सुकले की गाडी त्या बाजूला ओढते. डिस्कवरचं पाणी फिरताना उडून जातं, उरलेलं पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या) पुसून काढतात. खानापूरच्या पश्चिमेला फिरणाऱ्या गाडीला एवढ्या एका कारणासाठी हे काम करण्यासारखं आहे. बेळगाव शहरात आणि चिकोडी-निपाणी हायवेवरच चालणाऱ्या गाडीला नाही.

पुढे ड्रम ठेवून नुसती मागे डिस्क मात्र बसवू नये. ड्रमचे लायनर फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढले जातात, डिस्कला तशी मदत नसते, तिला ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये जास्त दाब लागतो. एकाच मास्टर सिलिंडरवर (पेडलच्या जोराने लाइनमध्ये ऑइल ढकलणारा सिलिंडर) दोघांचं गणित बसवणं अवघड. आधी पुढचं, मग मागचं.

ब्रॅकेट सोडलं तर बाकी सामान सगळं दुकानात मिळणारं आहे. जिप्सीच्या पुढच्या चाकाची डिस्क २९० मिमी व्यासाची, नवी असताना १० मिमी जाड, आणि ८.५ मिमीला बाद. पाच बोल्टचा पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) १३९.७ मिमी, म्हणजे जीपचा साडेपाच इंच तोच. जिप्सीचे डावे-उजवे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), पॅड, होजपाइप आणि तांब्याचे वॉशर घ्यायचे. जीपचे स्टड अर्धा इंची असतात, जिप्सीचे १२ मिमी, त्यामुळे डिस्कची भोकं १३ मिमीपर्यंत वाढवावी लागतात. मधलं भोक हबवर सैल बसलं तर टर्नरकडून सेंटरिंग रिंग करून घ्यावी. नुसत्या स्टडच्या भरवशावर डिस्क सोडली की ती थोडी बाजूला बसते आणि पायाला थरथर लागते.

खोलताना खरी कटकट हबची. मागच्या एक्सलचा शाफ्ट टोकाला निमुळता, चावी लावलेला. हब स्टडवर धरणाऱ्या स्क्रूच्या पुलरनेच काढावा. शाफ्टच्या टोकावर घण घातला तर तो मार आत डिफरन्शियलमधल्या थ्रस्ट ब्लॉकपर्यंत (दोन्ही शाफ्टांमधला ठोकळा) जातो. ड्रम हबला स्टडनेच रिबीट मारल्यासारखा पक्का केलेला असतो. तो फुगलेला भाग आधी ग्राइंड करून काढा, मगच स्टड प्रेसवर दाबून काढा, नाहीतर हबची भोकं मोठी होतात आणि नवे स्टड फिरत राहतात. नवे स्टड जुन्यांपेक्षा डिस्कच्या जाडीएवढे जास्त लांब घ्यावेत. ज्या गाड्यांना डावीकडे उलट्या आट्यांचे स्टड आहेत त्यांना दोन्ही बाजू सरळ आट्यांच्या करायची हीच संधी. नाहीतर पंक्चरवाला पाना उलटा लावून नट मोडणार, हे ठरलेलंच.

परत बसवताना निमुळता भाग आणि हब दोन्ही कोरडे, स्वच्छ हवेत. ग्रीस अजिबात नको. नटला किमान २०० न्यूटन-मीटर टॉर्क, आणि कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी आवळायचा, सैल करायचा नाही.

कॅलिपर धरणारं ब्रॅकेट तयार मिळत नाही, तोच या कामाचा गाभा. बेळगावच्या उद्यमबागेत लेझर कटिंगवाले आहेत. ड्रममागची जुनी बॅकिंग प्लेट सोबत नेली की तिच्या भोकांवरून १० मिमी माइल्ड स्टील प्लेट कापून मिळते. इथे बहुतेकजण एक गोष्ट विसरतात : बॅकिंग प्लेट फक्त लायनर धरत नाही, बेअरिंगचा बाहेरचा कपही तिच्यामुळे जागेवर राहतो, आणि तिच्या मागच्या शिम्सवर (पातळ चकत्या) शाफ्टचा एंड प्ले, म्हणजे आत-बाहेर सरकण्याची ढिलाई, ठरते. म्हणून काम काढण्याआधी डायल गेज लावून एंड प्ले मोजून ठेवा आणि ब्रॅकेट लावल्यावर शिम्स बदलून तेवढाच आणा. प्ले उरला नाही तर बेअरिंग तापून जातं. जास्त राहिला तर वळणावर शाफ्ट सरकतो, डिस्क पॅडना मागे ढकलते आणि पुढच्या वेळी ब्रेक मारला की पेडल खाली जातं. लोक मग उगाच एअर काढत बसतात.

डिस्कचा रनआउट (फिरताना डावी-उजवी डोलते तो फरक) हब आवळल्यावर मोजावा, ०.१५ मिमीच्या आत. बोल्ट १०.९ ग्रेडचे. कॅलिपर एक्सलच्या पुढे लावा किंवा मागे, एअर काढायचा निपल वरच हवा. डावा-उजवा अदलाबदल झाला की निपल खाली जातो आणि कितीही ऑइल सोडलं तरी वरची हवा निघत नाही. ऑइल सील याच वेळी नवे टाकून घ्या. ड्रममध्ये गळणारं गिअर ऑइल आता थेट डिस्कवर उडेल.

हायड्रॉलिक्सकडे मात्र वेळ देऊन बघावं लागतं. जिप्सीच्या कॅलिपरचा पिस्टन ५१ मिमीच्या आसपास, जीपच्या मागच्या व्हील सिलिंडरचा १९ मिमी. क्षेत्रफळ साधारण सातपट. पॅड झिजत जातात तसं कॅलिपरमध्ये ऑइल भरत जातं, म्हणून मास्टर सिलिंडरच्या जुन्या लहान टाकीची पातळी भराभर उतरते. सिंगल सर्किट मास्टर सिलिंडर ठेवून हे करायचं नाही. दोन वेगळ्या सर्किटचा, म्हणजे टँडम घ्यायचा, २५.४ मिमी बोअरचा. बोअर २३.८ वरून २५.४ केला की त्याच पायाच्या जोराला दाब सुमारे १२ टक्के कमी मिळतो, तेव्हा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसलेल्या गाडीत याहून मोठा बोअर घेऊ नये. पेडल दगडासारखं लागेल.

जुन्या ड्रमच्या मास्टर सिलिंडरच्या आउटलेटमध्ये लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. डिस्कला तो चालत नाही, पॅड सुटतच नाहीत. खूण सोपी : ब्रेक न मारता जांबोटीहून खानापूरला आलात आणि मागचे हब हाताला चटका देतायत. उलट मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, कॅलिपरच्या पातळीला किंवा त्याहून खाली असेल, तर २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लाइनमध्ये घालावाच लागतो. तो नसेल तर रात्रभर उभ्या गाडीचं पेडल सकाळी पहिल्यांदा खाली जातं.

आणि पुढे-मागे एकाच मापाची डिस्क नि कॅलिपर असतील तर दोन्हीकडे सारखाच ब्रेक लागतो. हे चांगलं वाटतं, पण चोर्ला घाटाच्या उतारावर ओल्या रस्त्यात मागची चाकं आधी जाम होऊन गाडी आडवी फिरते. म्हणून मागच्या लाइनमध्ये अ‍ॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी-जास्त करणारा) हवाच. मागचा दाब कमीत कमी ठेवून सुरुवात करा, ओल्या मोकळ्या मैदानावर ब्रेक मारत थोडा थोडा वाढवा, आणि पुढची चाकं आधी जाम होतील अशा जागी थांबा. सेटिंग रिकाम्या गाडीवर करायचं. भरलेल्या गाडीवर केलं तर रिकामी घसरते.

पाइपच्या आट्यांत एक सापळा आहे. जीपच्या पाइपच्या टोकाचे फ्लेअर नट ३/८ इंच २४ आट्यांचे, जिप्सीचे होज १० मिमी, १ मिमी पिचचे. हाताने दोन फेरे बसतात, पुढे पाना लावला की आट्या जातात आणि नंतर गळती. अ‍ॅडाप्टर घ्यावा, किंवा पाइप नवीन फ्लेअर करून घ्यावा. लोखंडी पाइप थेट कॅलिपरला जोडू नये. पॅड झिजतात तसा कॅलिपर सरकतो, पाइप तडकतो. मध्ये लवचिक होज हवाच. ब्रेक ऑइल डॉट ४ ग्रेडचं. ते हवेतलं पाणी शोषतं, तेव्हा पावसाळा संपला की बदलणं बरं.

आता वापरातलं. रात्री पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो, पहिल्या काही ब्रेकला जातो, त्याची काळजी नको. काळजी स्लाइड पिनची. खानापूरकडची तांबडी माती बारीक वाळूसारखी, ती पिनच्या रबर बूटातून आत शिरते, पिन अडकते आणि आतला पॅड बाहेरच्यापेक्षा लवकर संपतो. बाहेरून बघणाऱ्याला तो दिसत नाही, चाक काढूनच बघावं. पिनला सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं. अथणी-गोकाककडची काळी माती वेगळी : ती घासत नाही, पण रिमच्या आत थापून बसते आणि वाळली की कॅलिपरला लागते. त्यामुळे कॅलिपर आणि रिम यांत निदान ३ मिमी अंतर हवं, आणि चिखलातून आल्यावर आतून पाण्याचा फवारा. बॅकिंग प्लेट गेल्यामुळे कधी खडा डिस्क नि कॅलिपरमध्ये अडकून कर्कश आवाज येतो. गाडी थोडी मागे घेतली की पडतो. पातळ पत्र्याचं शील्ड केलं तर हे कमी होतं, पण खालची बाजू उघडी ठेवा, नाहीतर चिखल आतच साठतो.

हँडब्रेकच्या बाबतीत सीजे ३बी नशीबवान. तिचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणारा गिअरचा डबा) मागच्या शाफ्टवरच्या ड्रमवर असतो, त्याला हात लावावा लागत नाही. ज्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या लायनरवर चालतो त्यांना यांत्रिक हँडब्रेकची सोय असलेलाच कॅलिपर शोधावा लागेल. जिप्सीच्या कॅलिपरला ती नाही. हँडब्रेक नसलेली गाडी फिटनेसला पास होत नाही, आणि जुन्या जीपला नोंदणी नूतनीकरणासाठी केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) च्या आरटीओ कार्यालयात उभं राहावंच लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं, तेव्हा काम काढण्याआधी आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. सामानाची बिलं आणि ब्रॅकेटचं ड्रॉइंग एकाच फाइलमध्ये ठेवा, पुढच्या मिस्त्रीलाही ते लागतं.