जॉबची फोल्डरं स्क्रिप्टनं बनवताना: पायथनची कॉपीट्री काही महिने वापरल्यावर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या शॉपमध्ये शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांकडून कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून देतो. पार्टीचं नवीन ड्रॉइंग आलं की त्या जॉबचं फोल्डर तयार होतं. त्यात ड्रॉइंग आणि त्याच्या रिव्हिजन, सीएनसी-व्हीएमसी मशिनांचे प्रोग्रॅम, फिक्श्चर, ट्रायलचे फोटो, इन्स्पेक्शन रिपोर्ट, फाउंड्रीचे टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) आणि चलनं असतात. पूर्वी जुन्या जॉबचं फोल्डर कॉपी-पेस्ट करायचं आणि आतलं पुसायचं, अशी पद्धत होती. काही पुसायचं राहिलं तर जुनी रिव्हिजन नव्या जॉबमध्ये बसायची, आणि मग मशीन लावणारा सेटर ड्रॉइंगची प्रिंट हातात धरून ऑफिसात यायचा, "दादा, ह्यातलं खरं कुठलं?"

गेल्या पावसाळ्याच्या आधी हे सगळं मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या स्क्रिप्टवर आणलं. स्क्रिप्ट जॉब नंबर आणि पार्टीचं नाव विचारते, नमुना फोल्डर कॉपी करते आणि संध्याकाळी सगळ्याची दुसरी प्रत काढते. तेव्हापासून ती रोज चालते आहे. इतके महिने वापरून माझं एक मत पक्कं झालंय. फोल्डरांचं झाड बनवणं आणि उचलून दुसरीकडं ठेवणं कुठलंही साधन करतं. साधन निवडताना विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. जिथं कॉपी जाणार, तिथं आधीच काही असेल तर हे साधन काय करणार? प्रत्येकाचं उत्तर निराळं आहे आणि डेटा वाचतो की जातो ते त्या उत्तरावर ठरतं.

फोल्डर बनवण्यापासून सुरुवात करतो. पायथनमध्ये पाथलिब मॉड्यूलचं एमकेडिर हे फोल्डर बनवणारं फंक्शन आहे. त्याला पॅरेंट्स चालू करून दिलं की मधली सगळी फोल्डरं आपोआप बनतात, आणि एक्झिस्ट ओके चालू केलं की फोल्डर आधीच असलं तरी ते तक्रार करत नाही. इंटरनेटवरच्या बहुतेक उदाहरणांत दोन्ही सरसकट चालू दिसतात. मी तसं ठेवलेलं नाही. महिन्याचं चलन फोल्डर असेल तर असू दे, तिथं एक्झिस्ट ओके हवंच. पण नव्या जॉबचं मुख्य फोल्डर आधीच असणं ही धोक्याची खूण आहे. याचा अर्थ तोच नंबर दुसऱ्या कुणीतरी आधी टाकलाय. तिथं स्क्रिप्टनं थांबलंच पाहिजे, म्हणून तिथं ते बंद आहे. आमच्याकडं दोन टेबलांवरून एकाच वेळी जॉब उघडले जातात, त्यामुळं या एका सेटिंगचा फायदा मला वारंवार दिसला.

आता कॉपीट्री. शटिल मॉड्यूलमधलं हे फंक्शन पूर्ण झाड उचलतं, रिकाम्या फोल्डरांसकट. आमच्या नमुन्यात बरीचशी फोल्डरं रिकामीच असतात, त्यामुळं हा गुण आमच्यासाठी मोठा. नमुना गिट या फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात ठेवून तिथून काढायचा विचारही केला होता, पण गिट रिकामं फोल्डर सांभाळतच नाही. विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपीच्या आज्ञेला एस स्विच (पर्याय) दिला तर तेही रिकामी फोल्डरं गाळतं, त्यासाठी ई द्यावा लागतो.

गंतव्य फोल्डर आधीच असेल तर कॉपीट्री मुळात अडतं आणि एरर देतं. पायथन ३.८ मध्ये, म्हणजे २०१९ साली, डिर्स एक्झिस्ट ओके हा पर्याय आला आणि असलेल्या फोल्डरात मिसळून कॉपी करता यायला लागलं. आमच्या व्हीएमसीशेजारचा पीसी अजून विंडोज ७ वर आहे, कारण मशीनशी बोलणारं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. विंडोज ७ वर चालणारं पायथनचं शेवटचं व्हर्जन ३.८ च, त्यामुळं हा पर्याय आम्हाला नेमका मिळाला. मात्र तो चालू केला की गंतव्यातली त्याच नावाची फाइल न विचारता पुसून तिच्या जागी स्रोतातली लिहिली जाते, आणि समोरची फाइल जास्त नवी आहे का हे बघितलं जात नाही. सेटरनं मशीनवर फीड (टूल पुढं सरकण्याचा वेग) कमी करून सेव्ह केलेला प्रोग्रॅम ऑफिसातल्या जुन्या प्रोग्रॅमखाली गाडला जाऊ शकतो. यावर उपाय कॉपीट्रीतच आहे. कॉपी फंक्शनच्या जागी स्वतःचं फंक्शन देता येतं. माझं फंक्शन आधी दोन्ही फाइलींची बदलाची वेळ बघतं, आणि समोरची नवी असेल तर तिला हात न लावता नाव नोंदवून पुढं जातं. वीसेक ओळींचं काम आहे, पण माझ्या मते संपूर्ण स्क्रिप्टमधला सर्वात मोलाचा भाग तोच.

वेळेची तुलना करताना एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर फाइलच्या बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यात नोंदवली जाते. तीच फाइल हार्डडिस्कवर एक सेकंद मागेपुढे दिसते आणि स्क्रिप्टला ती बदललेली वाटते. मशीनवर प्रोग्रॅम पेनड्राइव्हनंच जातात, म्हणून दोन सेकंदांपर्यंतचा फरक मी समान धरतो. रोबोकॉपीत याच कामासाठी एफएफटी स्विच दिलेला आहे.

एरर देण्याची कॉपीट्रीची पद्धत मला फार आवडली. एखादी फाइल अडली, समजा गंतव्यातला रिपोर्ट कुणीतरी एक्सेलमध्ये उघडून ठेवलाय, तर ते तिथंच काम सोडत नाही. बाकीचं झाड पूर्ण करतं आणि शेवटी अडलेल्या सगळ्या फाइलींची यादी कारणांसह एकाच एररमध्ये देतं. ती यादी मी मराठीत वाक्य करून पडद्यावर दाखवतो: अमुक रिपोर्ट उघडा आहे, बंद करून परत चालवा. पॅटर्नचं काम बघणाऱ्या तात्यांना इंग्रजी एरर वाचायला लागत नाही, ते स्वतःच रिपोर्ट बंद करून परत चालवतात.

काय वगळायचं ते सांगण्यासाठी इग्नोअर पॅटर्न्स आहे. एक्सेलच्या तात्पुरत्या फाइली, विंडोजची थंब्ज डीबी वगैरे तिथं टाकावं. ते फक्त नाव बघतं, फोल्डर कुठं आहे ते (पाथ) बघत नाही, एवढं ध्यानात असू द्या. 'जुने' असं नाव दिलं तर झाडात कुठल्याही पातळीवरचं 'जुने' फोल्डर आतल्या सगळ्यासकट गळतं.

लाइट गेली तर काय, हा प्रश्न आपल्याकडं काल्पनिक नाही. कॉपी अर्ध्यात तुटली तर अर्धवट झाड तयार राहतं आणि पुढच्या माणसाला ते पूर्ण वाटतं. म्हणून मी नमुना आधी तात्पुरत्या नावानं कॉपी करतो आणि सगळं झाल्यावर खऱ्या नावात बदलतो. एकाच ड्राइव्हवर नाव बदलणं क्षणात होतं. शिवाय विंडोजवर त्या नावाचं फोल्डर आधी असेल तर पायथनचं ओएस रिनेम चक्क नकार देतं, त्यामुळं दोन जणांनी एकच नंबर टाकला तर ते इथंही पकडलं जातं.

मराठी नावांबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण इंग्रजी लेखांत हे सापडत नाही. आमची फोल्डरं मराठीत आहेत आणि ती तशीच राहावीत असं मला मनापासून वाटतं. शॉपफ्लोअरवरच्या प्रत्येकाला नाव वाचता आलं पाहिजे. पायथन ३ ला देवनागरीचं काही वावडं नाही, १२ हा देवनागरी आकडा इंट या आकडा वाचणाऱ्या फंक्शनला दिला तरी तो बरोबर वाचला जातो. अडचण येते ती 'तिसऱ्या ट्रायलचे फोटो' अशा नावात. त्यातला ऱ युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक म्हणजे संकेतांक देणाऱ्या पद्धतीत) एका संकेतांकानं लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा दोन संकेतांकांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण विंडोजला ती दोन वेगळी नावं वाटतात. परिणामी एकाच जॉबात त्याच नावाची दोन फोल्डरं शेजारी शेजारी उभी राहतात, आणि कॉपीट्री दोन्ही इमानानं कॉपी करतं. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधून प्रत्येक नाव एनएफसी या एकाच ठरलेल्या रूपात आणलं की हा गोंधळ संपतो. नाव बनवतानाच हे करावं.

नावाच्या लांबीचंही गणित आहे. विंडोजवर पूर्ण पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची. 'प्रोग्रॅम' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, पण काना-मात्रा आणि हलंत वेगळे मोजले जातात, त्यामुळं तिथं तो नऊ भरतो. लिनक्सवर ईएक्सटी ४ या फाइल सिस्टिममध्ये एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट घेतो, म्हणजे ८५ संकेतांकांत नाव संपवायचं. मी पोटफोल्डरांची नावं शक्यतो एका शब्दाची ठेवलीत.

संध्याकाळच्या दुसऱ्या प्रतीसाठी मात्र कॉपीट्री मला कमी पडलं. ते प्रत्येक वेळी सगळं नव्यानं कॉपी करतं, ट्रायलचे फोटो वाढले तसा वेळ वाढत गेला. ते काम मी रोबोकॉपीला दिलं, स्क्रिप्टमधूनच. त्याचा परतीचा कोड, म्हणजे काम संपल्यावर तो देतो तो आकडा, समजून घ्या. इथं १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या, सगळं ठीक. ८ आणि त्यापुढचा कोड आला तरच बिघाड. पायथनमधून दुसरा प्रोग्रॅम चालवणाऱ्या सबप्रोसेसला चेक चालू ठेवलं तर पायथन शून्याशिवाय सगळ्याला चूक मानतं आणि नीट झालेलं बॅकअप फेल दाखवतं.

रोबोकॉपीचा एमआयआर स्विच मी जाणूनबुजून वापरत नाही. तो गंतव्य अगदी स्रोतासारखं करतो, म्हणजे स्रोतात नसलेलं गंतव्यातून पुसतो. स्रोताच्या जागी चुकून रिकामा ड्राइव्ह लागला तर बॅकअप रिकामं होईल. कोल्हापुरात बॅकअपचा विचार पंचगंगेच्या पुराला सोडून करता येत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाण्यानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, इकडून तिकडं जाता येत नव्हतं. म्हणून आमची दुसरी प्रत शॉपमध्ये राहत नाही, ती शहरातल्या उंचावरच्या घरात जाते, आणि तिथली प्रत स्वतःहून काही पुसणार नाही ही माझी अट आहे. जुनं साचतं, डिस्क भरते, ते मी हातानं निवडून काढतो.

लिनक्सवर काम करणाऱ्यांना आरसिंक हे कॉपीचं साधनच सुचवेन, फक्त स्रोताच्या शेवटच्या तिरक्या रेघेकडं लक्ष द्या. रेघ असेल तर आतला माल जातो, नसेल तर फोल्डर स्वतः आत जाऊन बसतं. सीपी या लिनक्सच्या साध्या कॉपी आज्ञेचं वागणं आणखी फसवं आहे. गंतव्य नसेल तर ते त्या नावानं बनतं, असेल तर स्रोत त्याच्या पोटात जातो. तीच आज्ञा दुसऱ्यांदा चालवली की झाडात झाड. आधी ड्राय रन (काही न बदलता काय होईल ते दाखवणारी चाचणी) करून बघायची सोय आरसिंकमध्ये आहे, ती वापरा.

जुन्या स्क्रिप्टांत पायथनच्या डिस्टयुटिल्स या जुन्या मॉड्यूलमधलं कॉपी ट्री दिसलं तर बदलून टाका, पायथन ३.१२ पासून डिस्टयुटिल्सच काढून टाकलंय. ३.१४ मध्ये पाथलिबलाच कॉपी मिळालं आहे आणि ते पूर्ण झाड उचलतं. घरच्या लॅपटॉपवर मी ते वापरून बघितलं, लिहायला सुटसुटीत आहे. पण त्यात फाइलची जुनी वेळ जपणं मुळात बंद असतं, मुद्दाम चालू करावं लागतं, आणि कॉपीट्रीसारखं स्वतःचं कॉपी फंक्शन देता येत नाही. माझी नवी-जुनी फाइल ओळखण्याची सगळी भिस्त त्या दोन गोष्टींवर आहे, त्यामुळं शॉपमध्ये सध्या कॉपीट्रीच चालू राहील.