इसबगोल: पोटाचं काम चोख, पाकिटाची झिप भिकार

काल झिप पुन्हा उघडी राहिली आणि पाकिटातला इसबगोलाचा भुसा दमट होऊन बसला, म्हणून हे लिहितोय.

इसबगोल म्हणजे काय हे सांगत बसत नाही. रोजच्या जेवणात मिसळायला लागून आता काही महिने झाले. सुरुवातीला पोट फुगल्यासारखं वाटलं. अर्ध्या चमच्यापासून हळूहळू वाढवत नेल्यावर ते थांबलं. सकाळचं ताटकळणं संपलं. पोटापुरती तक्रार नाही.

पण ती झिप! भुसा इतका हलका की पाकीट उघडताच कण उडून खाचेत बसतात. बोटाने दाबत न्या, मध्येच कचकच होते आणि नेमकी तिथेच फट राहते. पाणी ओढणं हाच याचा गुण, मग हवेतली ओल तो सोडेल होय? कंपनीला मेल केला. उत्तर आलं, ‘कोरड्या जागी ठेवा.’ अहो, जागा कोरडीच आहे, पाकीट बंद होत नाहीये!

संत्र्याच्या स्वादाचा डबाही पाहिला. लेबल वाचलं तर चमच्यात भुशापेक्षा साखरच जास्त. भुशाच्या भावाने साखर कोण घेईल?

जेवणात घालायचं तर सूप उत्तम, छान दाटपणा येतो. दह्यात घातलंत तर लगेच खा. फोनवर बोलत बसलात तर वाटीत खळ तयार. पिठाला नेहमीपेक्षा जास्त पाणी लागतं. ग्लुटेन (गव्हातला चिकटपणा देणारा घटक) नसलेलं पीठ मात्र याने मस्त बांधलं जातं, हा फायदा अनपेक्षित. कशातही घाला, वर भरपूर पाणी हवंच. कोरडा भुसा तर तोंडात टाकूच नये, घशात फुगून अडकतो. गोळ्या चालू असतील तर दोन तासांचं अंतर ठेवा. या बुळबुळीत जेलमुळे काही औषधं नीट शोषली जात नाहीत.

हे फक्त बद्धकोष्ठाचं औषध, असं मी धरून चाललो होतो. मध्यंतरी जुलाब झाले तेव्हाही यानेच आवरले, जास्तीचं पाणी धरून ठेवलं. कोलेस्टेरॉलचं प्रकरणही नुसती जाहिरात नाही: इसबगोलातले विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) तंतू रोज ७ ग्रॅम पोटात गेले तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असं लेबलवर छापायला अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) १९९८ मध्येच परवानगी दिली आहे. म्हणून तीनाचे चार स्टार केले. पाचवा झिपने खाल्ला.

पुढचं पाकीट बिनझिपचं मागवलंय, कात्रीने कापायचं आणि थेट घट्ट झाकणाच्या बरणीत ओतायचं.