कोमो की लेक्को? नाताळच्या सुट्टीतल्या एका दिवसापुरतं

मिलानमध्ये राहणाऱ्याकडे डिसेंबरात भारतातून कोणी आलं की दुसऱ्याच दिवशी विचारणा होते, "ते कोमो इथून जवळच ना?" जवळच आहे. पण कोमो ज्या सरोवराकाठी वसलंय, त्याच काठी लेक्को हे गावही आहे, आणि तेही तितकंच जवळ. सरोवर उलट्या 'वाय'सारखं. त्याच्या एका पायाशी कोमो, दुसऱ्या पायाशी लेक्को. एकाच सुट्टीत आई-बाबांना घेऊन दोन्हीकडे जाऊन आलो, म्हणून चार शब्द.

देखणेपणात कोमो पुढे, त्यात वाद नाही. मिलानच्या कादोर्ना स्टेशनहून तासाभरात कोमोचं नोर्द लागो स्टेशन. बाहेर पडलात की समोर पाणीच. तिथलं दुओमो, म्हणजे मुख्य चर्च, १३९६ मध्ये बांधायला घेतलं आणि घुमटासकट पुरं व्हायला १७७० उजाडलं. हे कळल्यापासून आपल्याकडच्या उड्डाणपुलांवर मी रागावत नाही. नाताळात जुन्या शहरातल्या इमारतींवर दिव्यांची चित्रं पाडतात, लहान मुलं हरखून जातात. इटलीत पहिल्यांदाच आलेल्याने खुशाल कोमोला जावं.

माझं गाडं अडलं ते डोंगरावरच्या ब्रुनाते गावाला जाणाऱ्या फ्युनिक्युलरपाशी. १८९४ पासून चालणारी ही दोरीची गाडी सात मिनिटांत सुमारे पाचशे मीटर वर नेते. आम्ही गेलो २६ डिसेंबरला, म्हणजे सान्तो स्तेफानोच्या सुट्टीला. आदल्या दिवशीचं जेवण जिरवायला अख्खी इटली त्या दिवशी बाहेर पडते. तिकीट खिडकीची रांग पार रस्त्यावर आलेली. सव्वा तास उभे होतो. आईचा गुडघा कुरकुरायला लागला, तशी तिने कठड्यावर कापडी पिशवी अंथरून बसकण मारली आणि देवगडहून आणलेली चिक्की मागच्या अनोळखी बाईंना देऊ केली. त्या दोघींचा वेळ मजेत गेला. माझा नाही. कारण डिसेंबरात इथे पावणेपाचलाच सूर्य मावळतो आणि डोंगरांत उजेड त्याआधीच जातो. वर पोचलो तोवर खाली नुसते दिवे. उतरायला पुन्हा रांग. ज्याला रांगेचं काही वाटत नाही त्याने हा परिच्छेद सोडून द्यावा. फ्युनिक्युलर टाळता येतेच म्हणा, पण कोमोपर्यंत जाऊन ती टाळवत नाही.

लेक्कोला 'हे बघितलंच पाहिजे' असं फारसं काही नाही, आणि म्हणूनच कुठे ताटकळावं लागत नाही. मिलानच्या चेंत्राले स्टेशनहून पाऊण तास, स्टेशनपासून दहा मिनिटं सपाट चाल, की काठ. पाण्यात उभा संत निकोलाचा पुतळा (सांताक्लॉजचा मूळपुरुष तो हाच), आणि त्याच्याच नावाच्या चर्चचा ९६ मीटर उंच मनोरा. मनोरा टोकदार, म्हणून गावकरी त्याला 'मोठी पेन्सिल' म्हणतात. गावामागे रेसेगोने डोंगर, नावाप्रमाणेच करवतीच्या दात्यांचा. आई काठावरच्या बाकावर तासभर शांत बसली. हिवाळ्यात इथून बोट मिळेल असं मात्र धरून चालू नका, आणि दिव्यांची आरासही कोमोच्या मानाने बेताचीच.

जेवायला अडीचच्या आत पोचा, नंतर स्वयंपाकघर बंद होतं. आईसाठी पित्सोकेरी मागवली: कुट्टूच्या पिठाच्या जाड पट्ट्या, बटाटा, कोबी, ढीगभर चीज, वर लोण्यात परतलेली लसूण. "उपासाच्या पिठावर लसूण!" म्हणत तिने ताटली चाटूनपुसून संपवली. बाबांनी मिसोल्तिनी घेतली, म्हणजे सरोवरातले मासे खारवून, उन्हात वाळवून, तमालपत्रांसोबत डब्यात दाबून ठेवलेले. पोलेंताबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीबरोबर, देतात. पहिल्या घासाला त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "अरे, हे तर आपलं सुकं!"

आई अजूनही सगळ्यांना कोमोचेच फोटो दाखवते. बाबा मात्र दर फोनला विचारतात, त्या माशाचं नाव काय रे?