पुरीमचे डबे: घरी करायचे, टोपली आणायची, का यादीत नाव घालायचं?

पुरीम हा आम्हा ज्यू लोकांचा सण तीन आठवड्यांवर आला की इस्रायलमधल्या आमच्या अश्दोदच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच प्रश्न फिरायला लागतो, यंदा मिशलोआह मानोत, म्हणजे पुरीमला एकमेकांकडे पाठवायचे खाऊचे डबे, घरी करताय का विकत आणताय, आणि मी दरवर्षी "बघू" म्हणते आणि दरवर्षी माझी तीच गत होते. मग महिन्याभराने पेसाहच्या सणाची साफसफाई काढली की कपाटातून वेफर निघतात, बिस्किटं निघतात, अर्धी फुटलेली ओझ्ने हामान (पुरीमची तिकोनी बिस्किटं) निघतात, आणि सगळं उचलून कचऱ्याच्या पिशवीत. २०२५ ला मी वैतागून मोजलंच. आम्ही घरात चार माणसं, पुड्या आल्या १९, त्यातल्या ७ मध्ये तोच तो चॉकलेट वेफर, ५ मध्ये चिमुकली द्राक्षरसाची बाटली, आणि प्रत्येकावर सेलोफेनचा कागद आणि मोठ्ठा फुगा बांधल्यासारखी रिबीन. त्या १९ घरांतही हेच चालू असणार, कारण आम्हीपण तेवढेच वाटले होते!

तर हे ज्यांचं नवीन बिऱ्हाड आहे, किंवा जे ठाण्या-मुंबईकडून नुकते इकडे आलेत आणि पहिल्याच पुरीमला गांगरलेत त्यांच्यासाठी. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते की आमच्या बेने इस्रायली लोकांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, जुनी माणसं पुरीमला सरळ होळीचा सण म्हणायची, दोन्ही सण बहुतेक वर्षी एकाच पौर्णिमेच्या आजूबाजूला येतात. २०२५ ला तर १४ मार्चला इकडे पुरीम आणि तिकडे धुळवड. घरी पुरणपोळी व्हायची, करंज्या व्हायच्या, आणि शेजारी ताट जायचं.

आधी किती घरी द्यायचं ते ठरवा, कसं द्यायचं ते नंतर. कारण नासाडी सगळी आकड्यातून होते, पदार्थातून कमीच. धर्माने आपल्यावर टाकलंय ते अगदी थोडं आहे. एस्तेरच्या पुस्तकात नवव्या अध्यायात एकमेकांना ताटं पाठवा आणि गरिबांना दान द्या असं आलंय, आणि त्याचा हिशोब तलमूदने, म्हणजे जुन्या धर्मपंडितांच्या चर्चांच्या ग्रंथाने, लावून दिलाय: एका माणसाला दोन पदार्थ. एका! दोन! तेही खायला तयार असलेले, आणि पुरीमच्या दिवसा, रात्री नाही. गरिबांचं वेगळं, तिथे दोन गरजू आणि प्रत्येकाला एकेक दान. रामबाम, आमचे मध्ययुगातले मोठे धर्मपंडित, तर स्पष्ट लिहून गेलेत की जेवणावळ आणि ताटं वाढवण्यापेक्षा गरिबांना जास्त द्यावं. मग १९ घरं आली कुठून? आली "त्यांनी दिलं मग आपण नको का द्यायला" मधून, आपल्या लग्नातल्या आहेरासारखं.

आता तुलना.

दुकानातली टोपली. वेळ नसेल, नोकरी असेल, मुलं लहान असतील तर हिचा मोह होतोच आणि मी कुणाला नावं ठेवत नाही, मीच चार वर्षं हेच केलं. फायदा खरा एकच, काशेरचा, म्हणजे आमच्या खाण्याच्या नियमांत बसतं असा, शिक्का असतो त्यामुळे कुणाच्याही घरी बिनधास्त जाते. आमच्या जिन्यात एक कुटुंब आहे, फार कडक पाळतात, ते दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं काही खात नाहीत, आणि मी दोन वर्षं त्यांना घरच्या करंज्या देत होते, तिथल्या बाई हसून घेत होत्या, आणि तिसऱ्या वर्षी त्यांच्याच मुलाने मला सांगितलं की आम्ही त्या वॉचमनला देतो. वॉचमनने खाल्ल्या हे बरंच झालं म्हणा. पण अशा घरी शिक्क्याचंच पाकीट द्यायचं, घरचं दिलं की तुमचे कष्ट आणि तेल दोन्ही फुकट.

तोटा असा की टोपली आतून पोकळ असते. मागे एका दुकानातून आणलेली एक मी घरी उघडून बघितली, खाली चुरगळलेल्या कागदाचा थर, त्यावर पुठ्ठा, आणि वर पसरून ठेवलेले सहा-सात जिन्नस, सगळे मिळून मुठीत मावतील. पैसे मोजले ते टोपलीचे आणि कागदाचे. शिवाय आतला जवळजवळ सगळा माल हामेत्स, म्हणजे गव्हाचा, पेसाहच्या आठवड्यात घरात ठेवायला न चालणारा: वेफर, बिस्किटं, बिसली नावाचा कुरकुरीत खाऊ, ओझ्ने हामान. आणि पुरीमनंतर महिन्याभरात पेसाह! २०२५ ला १४ मार्चला पुरीम, १२ एप्रिलच्या संध्याकाळी पेसाह लागला, म्हणजे हातात चार आठवडे, आणि त्या चार आठवड्यांत प्रत्येक घर स्वतःचाच मैदा आणि पास्ता संपवायच्या मागे असतं, तुमचे वेफर कोण खाणार. बंद पाकिटं रब्बींमार्फत (धर्मगुरूंमार्फत) पेसाहपुरता हामेत्स विकतात त्यात घालून ठेवता येतात, पेसाह झाल्यावर परत वापरता येतात, पण ते करतं कोण, लोक कपाट रिकामं करायच्या नादात फेकूनच देतात. तिसरं म्हणजे टोपली पुढे सरकवणं. ती आली तशी दुसऱ्याला, त्याने तिसऱ्याला. लोक हसतात याला, मला तर ते बरं वाटतं, निदान कुणीतरी कधीतरी उघडेल. फक्त कुणाकडून आली ते चिठ्ठीवर बघून घ्या, नाहीतर त्याच बाईकडे परत जाते, आमच्याकडे झालंय.

घरचं ताट. माझा कल इकडे आहे ते लपवत नाही, पण यात वाया जायच्या वाटा दुकानापेक्षा जास्त आहेत, त्या आधी ऐका.

पुरणपोळी घ्या. अर्धा किलो हरभरा डाळ आणि तेवढाच गूळ घातला की माझ्या हाताने साधारण वीस पोळ्या होतात, तीन-तीन जरी दिल्या तरी सहा घरं. पण पोळी दोन-तीन दिवसांची, आणि पुरीमच्या दिवशी कुणाला जागाच नसते पोटात. २०२५ ला तर पुरीम शुक्रवारी आला, म्हणजे दुपारचं पुरीमचं जेवण लवकर उरका, लगेच शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, तयारी, शनिवारी शब्बाथचंच जेवण, आणि रविवारी पोळीची आठवण येईपर्यंत तिचा चामडा झालेला. पोळी द्यायची तर एका घरी दोन, आणि देताना सांगायचं आजच खा. आणि तूप! पुरीमचं जेवण बहुतेकांकडे मटणाचं किंवा चिकनचं, त्यावर तुपाची पोळी चालत नाही, दूध आणि मटण एकत्र नाही ना खायचं, मग ती बाजूला राहते ती राहतेच. म्हणून तेलावर करा आणि डब्यावर पार्वे असं लिहून चिकटवा, म्हणजे दूधही नाही मटणही नाही, कधीही खाता येतं. एवढ्या एका चिठ्ठीने किती वाचतं ते करून बघा. बर्फी-पेढे दिलेत तर तेही लिहा.

करंजी टिकते, सुक्या खोबऱ्याची केली तर दोन आठवडे आरामात. पण अश्दोद समुद्रावर, हवा आपल्या अलिबागसारखी दमट. आणि माझी घोडचूक ऐका, एकाच डब्यात करंज्या आणि हलव्याच्या वड्या भरल्या, मध्ये नुसता बटर पेपर. हलवा नारळाच्या दुधाचा, त्याचा ओलावा रात्रभरात करंज्यांनी पिऊन घेतला, सकाळी कडा मऊ पडलेल्या, बोट लावलं तर दबतायत, आणि ८ डबे असे भरून झालेले. करंजी वेगळी, ओलं वेगळं, लक्षात ठेवा. मलिदा तर पाठवूच नका, ओलं खोबरं आणि भिजवलेले पोहे, संध्याकाळपर्यंत वास मारतो, तो जिथे करायचा तिथेच बसून खायचा.

मग द्यायचं काय? मी आता पेसाहच्या दोन्ही बाजूंना चालेल असंच बघते. खजुरात अक्रोड भरून, शेंगदाण्याची नाहीतर तिळाची चिक्की, भाजलेले खारे काजू. यात गहूच नाही त्यामुळे तारखेची तलवार नाही. अश्कनाझी, म्हणजे मूळ युरोपातले ज्यू, शेजारी पेसाहच्या आठवड्यात शेंगदाणे-तीळ खात नाहीत, पण त्यांना ते घराबाहेर फेकावं लागत नाही, नंतर खातात. हलवासुद्धा गव्हाच्या चिकाचा न करता चायना ग्रासचा केला तर हामेत्स होत नाही. चिकाची चव नाही त्याला, ते मान्य.

आणि हे काही माझं नवीन डोकं नाही हं. तलमूदमध्ये गोष्ट आहे, रब्बा या विद्वानाने आपला शिष्य अबाये याच्या हाती मारीकडे पुरीमचं पाठवलं ते काय, तर गोणीभर खजूर आणि पेलाभर भाजलेलं पीठ. आपला सातूच म्हणा ना. तिकडून उलट धाडली ती आल्याची गोणी आणि पिंपळी, आणि अबाये म्हणतो की आता आमचे गुरुजी म्हणतील मी गोड पाठवलं तर यांनी मला तिखट पाठवलं! कुरकुर तेव्हाही होतीच, पण जिन्नस बघा, सगळा टिकाऊ, उद्या फोडणीत जाईल असा. तिथेच दोन विद्वानांचं आहे, त्यांनी आपापलं जेवणच एकमेकांना देऊन टाकलं, याचं त्याने खाल्लं त्याचं याने. दोघांचं कर्तव्य झालं आणि एक घाससुद्धा जास्तीचा शिजला नाही. ज्यांच्याकडे खरंच वेळ आणि पैसा नाही त्यांनी हे शेजारणीशी ठरवून करावं, मी मजेत म्हणत नाहीये.

यादी. हा तिसरा मार्ग, अमेरिकेत बऱ्याच सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरांत, चालतो आणि इकडेही काही बिल्डिंगांत, मोहल्ल्यांत सुरू झालाय. सगळ्या घरांची यादी येते, तुम्ही नावांपुढे खुणा करायच्या, पैसे भरायचे, आणि प्रत्येक घरी एकच बरं भरलेलं ताट जातं ज्यावर पाठवणाऱ्या सगळ्यांची नावं. तीस घरांनी तीस घरांना दिलं तरी ताटं तीसच, एरवी ती आठ-नऊशे झाली असती. आकड्याचं दुखणं इथेच संपतं. उरलेले पैसे सिनेगॉगला किंवा गरिबांना. मन दुखावायचा प्रश्नही कमी, कारण आपलं नाव यादीत आहेच. मात्र चव नाही, माणूस नाही, मुलांना सोंगं घालून जिने चढायची मजा नाही, आणि ताट भरतं कोण तर कमिटी, म्हणजे परत तेच वेफर असू शकतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी आत काय घालणार ते विचारा. आणि केवळ यादीवर विसंबू नका, निदान एक ताट आपल्या हाताने एका माणसाला द्याच, दोन पदार्थांचं, म्हणजे शंका राहत नाही.

कागद-रिबिनीचं फार बोलत नाही, कळतं सगळ्यांना. स्टीलचा डबा द्या, परत मागा, लाजू नका. प्लॅस्टिकची टोपली कुणाच्या घरी उपयोगाला येत नाही.

उरलेलं द्यायचं असेल तर पुरीमनंतरच्या पहिल्या आठवड्यातच द्या. बाल तश्खीत, म्हणजे उगाच नाश करू नये हा आपला नियम, तो मुळात वेढा घातलेल्या गावाची फळझाडं तोडू नका असा होता, रब्बींनी तो खाण्यापिण्यावर, वस्तूंवर सगळीकडे आणला. पण पेसाह दोन दिवसांवर आला असताना दानाच्या ठिकाणी बिस्किटांची गोणी नेली तर तिथले लोकही डोक्याला हात लावतात, त्यांना तेव्हा मात्सा (पेसाहची बिनखमिराची पोळी) आणि तेल हवं असतं.

तर कुणी काय करावं. नोकरी आणि लहान मुलं असतील तर यादी घ्या आणि वर घरचे दोनच डबे, एक आईकडे किंवा सासूबाईंकडे आणि एक ज्या शेजारणीशी खरंच बोलता तिच्याकडे. शाळेतल्या अदलाबदलीसाठी मुलाला एकच पुडी, त्याच्या मित्राला काय आवडतं ते विचारून. यादी नसेल आणि घरं जास्त असतील तर कडक पाळणाऱ्यांकडे शिक्क्याची चांगल्या खजुराची किंवा काजूची पाकिटं, टोपली नकोच, आणि बाकीच्यांना चिठ्ठी पाठवा की तुमच्या नावाने दान दिलंय. काही जण नाक मुरडतील, मुरडू देत. फक्त त्या चिठ्ठीने ताटाचं कर्तव्य होत नाही, ताट एक वेगळं द्यावंच लागतं. आणि ज्यांच्याकडे वेळ आहे, हात आहे, त्यांनी घरचं करावं पण पाच-सहा घरांच्या वर जाऊ नये, मी यंदा पाचवर आलेय आणि दोन नातेवाइकांनी विचारलंच, आमचं काय. सांगितलं, तुम्ही जेवायला या.

त्या पाचांतली एक खालच्या मजल्यावरची मोरोक्कन मावशी. २०२५ ला तिला स्टीलच्या डब्यात चिक्की आणि खजूर दिले होते, डबा काही परत येईना, मी मनात म्हटलं गेला. पेसाह संपला त्या रात्री, मोरोक्कन ज्यूंच्या मिमुना सणाला, साडेदहा वाजता बेल वाजली, दारात ती, हातात माझा डबा, आत गरम मुफलेता, त्यांच्या पातळ पोळ्या, मधात बुडवलेल्या. म्हणाली, रिकामा कसा आणू.